ताराबाई मोडक : वर्गाच्या भिंतीपासून कुरणापर्यंत

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी प्राथमिक शाळेला जो साचा प्राप्त झाला, तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत फारसा बदलला नव्हता. पंतोजींच्या शाळेतील धुळाक्षरे, मोडीचे वळण, पावकी-निमकी आणि पाढ्यांचा घोष यांच्या जोडीला मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके आली, सरकारी तपासनीस आला, इयत्ता आणि वार्षिक परीक्षा आली. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला गेला. कारभाराचे हात बदलले, तरी वर्गातील तासाचे स्वरूप मात्र पूर्वीचेच राहिले. शिक्षकाने सांगावे, मुलांनी एका सुरात म्हणावे, पाटीवर गिरवावे आणि चुकल्यास मार खावा, हाच त्या तासाचा क्रम होता.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्रमिक पुस्तकांकडे लक्ष दिले, कारण अर्वाचीन मराठी गद्याची जडणघडण त्यांतून झाली. परंतु ते पुस्तक ज्याच्या हाती पडे, ते मूल वर्गात प्रत्यक्षात काय करीत होते, या प्रश्नाची नोंद वाङ्मयेतिहासाने क्वचितच घेतली. भाषेचा पहिला औपचारिक संस्कार ज्या तासात होतो, त्या तासाची रचना हा भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासाचाही विषय आहे. हा तास मुळापासून बदलण्यासाठी ज्यांनी आपले अर्धे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुलाने शाळेच्या साच्यात बसावयाचे की शाळेने मुलाच्या जीवनाप्रमाणे आपला साचा मोडावयाचा, हा त्यांच्यापुढील मूळ प्रश्न होता. भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या चार मुक्कामांवर त्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, ती एकाच सूत्रात ओवलेली असली तरी एकसारखी नाहीत.

२. घडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान प्रचारक होते. त्यांनी उमाबाई या तरुण विधवेशी विवाह केला होता. सनातनी समाजाचा रोष ओढवून घेणाऱ्या या विवाहामुळे केळकर कुटुंबाच्या वाट्याला सुधारकांचे एकाकीपण आले, तसेच विचारांचे मोकळेपणही आले. मुलींच्या शिक्षणाबद्दल त्या घरात वाद नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर झालेल्या मराठी स्त्रियांची संख्या अल्प होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते.

पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही, आणि १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. एका लहान मुलीची जबाबदारी घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहणे हे त्या काळच्या स्त्रीसाठी, ती सुधारक घराण्यातील असली तरी, सोपे नव्हते. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. सरकारी दर्जाची नोकरी, निश्चित वेतन आणि समाजात मान असे सर्व काही तेथे होते. मात्र जे शिक्षण त्या देत होत्या, ते प्रस्थापित पद्धतीचेच होते. अध्यापिका घडविणारी संस्था आणि त्या अध्यापिका ज्या वर्गात उभ्या राहणार तो वर्ग, यांतील अंतर त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले.

त्यांच्या व्यक्तिगत जीवनातील या संघर्षाने पुढे मराठी रंगभूमीचेही लक्ष वेधले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘घर तिघांचं हवं’ या नाटकाला ताराबाईंच्या जीवनाचा आधार आहे. सार्वजनिक कार्यात बुडालेली कर्ती स्त्री आणि तिचे घर यांतील ताण हा नाटककाराला भावलेला विषय होय. तथापि ताराबाईंच्या चरित्राचा केंद्रबिंदू या ताणात शोधण्यापेक्षा त्यांच्या वर्गात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

३. भावनगर : पद्धतीचा शोध

१९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटचे पद सोडले आणि त्या भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत दाखल झाल्या. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बालशिक्षणाला वाहून घेते झाले. ताराबाईंच्या पदरीही लहान मूल होते. तत्त्वाचा शोध आणि स्वतःच्या अपत्याची चिंता या दोन वाटा दोघांच्याही बाबतीत एकत्र आलेल्या दिसतात.

माँटेसरी पद्धतीचा गाभा असा की, मुलाची ज्ञानेंद्रिये आणि हात ही त्याच्या बुद्धीची साधने आहेत. योग्य वस्तू योग्य क्रमाने त्याच्यासमोर ठेवल्यास ते आपल्या गतीने आणि आपल्या चुका आपणच सुधारीत शिकते. रोममध्ये १९०७ साली कामगारवस्तीत सुरू झालेल्या पहिल्या बालगृहापासून ही पद्धती विकसित झाली. लहान-मोठ्या ठोकळ्यांचा मनोरा, लांबीच्या काठ्या, खरखरीत कागदाची अक्षरे, रंगांच्या पट्ट्या ही तिची साधने. शांततेचा खेळ, बटणे लावणे, पाणी ओतणे, झाडणे, ताटे मांडणे ही तिची नित्याची कामे. वर्गात शिक्षकाचे बोलणे कमी आणि मुलाचे करणे अधिक, हा या पद्धतीने घडविलेला पहिला बदल होय.

भावनगरमध्ये या पद्धतीचे केवळ अनुकरण झाले नाही. गिजुभाईंनी तिला गोष्ट, गाणे आणि नाट्य यांची जोड दिली. माँटेसरी यांच्या मूळ विचारात कल्पित कथांना फारसे स्थान नव्हते. लहान मुलाला प्रथम वास्तवाची ओळख व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. लोककथा, जोडाक्षरांची गंमत, नादमय पदे आणि अभिनय यांवर पोसलेल्या भारतीय बालमनाला हा नियम पुरा पडणारा नव्हता. भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट ही शिक्षणाच्या मध्यभागी आली. १९३० च्या दशकाच्या आरंभी गुजरातीत प्रसिद्ध झालेल्या गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक कल्पित शिक्षक प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेचा वर्ग हाती घेतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ त्या वर्गात साफ फसतो, आणि गोष्ट सांगावयास आरंभ होताच गोंधळ घालणारी मुले जागच्या जागी स्थिरावतात. पुढे तो शिक्षक क्रमिक पुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभारतो, व्याकरण खेळांतून शिकवितो, मुलांना वर्गाबाहेर हिंडवितो, नाटके करवितो आणि मुलांच्या नखा-केसांच्या स्वच्छतेकडेही लक्ष पुरवितो. बालमंदिरात जे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी साधले, ते सरकारी प्राथमिक शाळेच्या चौकटीत साधेल काय, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे.

ताराबाई या प्रयोगाच्या सहभागी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. संघाचे मुखपत्र म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. मातृभाषा मराठी असूनही ताराबाईंनी गुजरातीत लेखन केले, अध्यापिकांचे वर्ग घेतले आणि पद्धतीचा सूक्ष्म अभ्यास केला. भावनगरने त्यांना जे दिले ते मुख्यतः निरीक्षणाचे शास्त्र. मूल काय करते, किती वेळ करते, कोठे अडते आणि पुन्हा कशाकडे वळते, याची नोंद घेणे हा शिक्षकाच्या कामाचा पहिला भाग आहे, ही दृष्टी त्यांच्या पुढील सर्व लेखनात आढळते.

४. दादर : मध्यमवर्गाची शाळा आणि मराठी गद्य

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे ‘शिशुविहार’ची स्थापना केली. तिला जोडूनच अध्यापन मंदिर सुरू झाले. दादरच्या पांढरपेशा मराठी वस्तीत अशा शाळेला अनुकूल भूमी होती. शिकलेले आई-बाप, लहान कुटुंबे, मुलांच्या भवितव्याविषयीची जागरूकता आणि शुल्क देण्याची ऐपत यांमुळे शिशुविहार स्थिरावले. मराठी माध्यमातून बालशिक्षणाच्या अध्यापिका तयार होऊ लागल्या आणि त्या निरनिराळ्या गावी जाऊन बालमंदिरे काढू लागल्या.

या काळातील ताराबाईंच्या कार्याची वाङ्मयीन बाजू विशेष लक्षणीय आहे. ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती त्यांनी दीर्घकाळ संपादित केली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ यांसारखी पुस्तके लिहिली. ‘नदीची गोष्ट’ हेही त्यांचेच पुस्तक. मराठीत तोवर शिक्षणविषयक लेखन दोन प्रकारचे होते. एक, इंग्रजी ग्रंथांच्या आधारे लिहिलेले अध्यापनशास्त्र. दुसरे, आई-बापांना केलेला नीतिपर उपदेश. ताराबाईंनी या दोहोंच्या मध्ये जाणारा गद्याचा एक नवा प्रकार रूढ केला. हट्ट, रडणे, खोटे बोलणे, मारामारी, न जेवणे हे घरातले रोजचे प्रसंग त्यांनी विवेचनाला घेतले आणि त्यांकडे दोष म्हणून न पाहता वाढीची लक्षणे म्हणून पाहण्यास वाचकाला शिकविले. विषयाची मांडणी घरगुती बोलीच्या जवळ जाणारी, पण तिच्या मागे शास्त्राची शिस्त, असे या गद्याचे स्वरूप आहे. मराठीतील बालमानसशास्त्रीय परिभाषेच्या घडणीत अशा नियतकालिक लेखनाचा वाटा किती, याचा स्वतंत्र अभ्यास होणे इष्ट ठरेल.

वर्गातील भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या काळात एक मूलभूत अडचण पुढे आली असली पाहिजे, असे पद्धतीच्या स्वरूपावरूनच दिसते. माँटेसरी यांची अक्षरसाधने रोमन लिपीसाठी रचलेली होती. त्या लिपीत स्वर आणि व्यंजन यांची चिन्हे सुटी असतात आणि ती एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीत व्यंजनात अकार अंतर्भूत असतो, काना-मात्रा-वेलांटी व्यंजनाच्या पुढे, वर, खाली आणि मागेही येतात, आणि जोडाक्षरात अक्षराचा आकारच बदलतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लेखनात आधी. वर्णमालेचा परंपरागत क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला आहे. तो ध्वनिशास्त्रदृष्ट्या उत्तम असला तरी हाताला वळण लावण्याच्या दृष्टीने सोयीचा नाही. त्यामुळे मराठी बालवर्गात ही पद्धती आणणे म्हणजे केवळ साधनांचे भाषांतर करणे नव्हते. अक्षरांची निवड, त्यांचा क्रम, स्वरचिन्हांचा परिचय केव्हा करून द्यावा, हे सर्व नव्याने ठरविण्याचे काम होते. मुलाने प्रथम ध्वनी ऐकावा, मग बोटाने अक्षराचा आकार अनुभवावा आणि मग लिहावे, हे तत्त्व कायम ठेवून त्याची मराठी रीत बसवावी लागली. बाराखडीच्या पाठांतराला दिलेला हा पर्याय मराठी भाषाशिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे.

परंतु शिशुविहाराच्या यशाला एक मर्यादा होती. लंडनमध्ये १९३१ साली महात्मा गांधी आणि माँटेसरी यांची भेट झाली, तेव्हापासून एक प्रश्न भारतीय बालशिक्षणापुढे उभा होता. ही पद्धती दरिद्री खेड्यातील मुलापर्यंत कशी न्यावयाची? रंगीत, गुळगुळीत, मापात बसविलेली लाकडी साधने आणि प्रशिक्षित अध्यापिका यांचा खर्च खेड्याला पेलणारा नव्हता. १९३७ च्या वर्धा परिषदेने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी उद्योगकेंद्री शिक्षणाची दिशा सांगितली होती. सात वर्षांखालील मुलाचे काय, हा भाग अनुत्तरित होता. गरिबांच्या मुलांसाठी रोममध्ये जन्मलेली पद्धती भारतात सुखवस्तूंच्या मुलांची झाली, या विसंगतीचा सामना करणे ताराबाईंना आवश्यक वाटू लागले.

५. बोर्डी : शाळा अंगणात

१९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी असलेल्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. मुंबईत नावारूपाला आलेली संस्था, अध्यापन मंदिर, पत्रिका यांचा व्याप असताना या वयात खेड्यात जाऊन शून्यापासून आरंभ करणे, हा त्यांच्या जीवनातील सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या तेथे त्यांना सहकारी म्हणून लाभल्या. बालविधवा असलेल्या अनुताईंनी कष्टाने शिक्षण पुरे करून पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली होती. बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि तेथून पुढे ताराबाईंच्या निधनापर्यंत ही साथ अखंड राहिली. चिंतन आणि योजना ताराबाईंची, त्या योजनेला दैनंदिन रूप देणारे परिश्रम अनुताईंचे, अशी या जोडीची ढोबळ विभागणी केली जाते. ती पूर्णतः अचूक नाही, कारण अनेक योजना अनुभवातून उलट्या दिशेनेही आल्या. तथापि एकीच्या कार्याचा विचार दुसरीला वगळून करता येत नाही, एवढे खरे.

बोर्डीत पहिली अडचण अशी आली की बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या वस्तीतील मुले तेथे येईनात. अस्पृश्य मानलेल्या आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबांना शाळा ही आपली जागा वाटत नव्हती. मूल घालण्यासारखे कपडे नाहीत, सकाळी आई कामावर जाते, आणि लहान भावंड पाठीशी असते, अशी कारणे होती. तेव्हा अध्यापिका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात बसू लागल्या. मुलांना गोळा करावे, तोंड-हात धुवावे, केस विंचरावे, गाणी म्हणावी, गोष्ट सांगावी, खेळ घ्यावेत. आया दारातून पाहत राहत. यातूनच अंगणवाडी ही कल्पना आकाराला आली. शाळेची इमारत हा शिक्षणाचा आवश्यक भाग नाही, असे सिद्धान्त म्हणून सांगणे निराळे आणि इमारत असताना तिच्या बाहेर जाऊन बसणे निराळे. ताराबाईंनी दुसरी गोष्ट केली.

दुसरा बदल साधनांचा. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, शंख, खडे, बिया, पाने, काड्या, करवंट्या आणि मातीची लहान-मोठी मडकी आली. हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता, हे समजून घेणे जरूर आहे. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत, फिकट-गडद हे भेद मुलाला इंद्रियांनी कळावेत, हा साधनांचा हेतू. समुद्रकाठच्या मुलासाठी शिंपल्यांचे आकारानुसार लावलेले ओळीचे वर्गीकरण तो हेतू तितक्याच चोखपणे साधते. शिवाय त्या वस्तूंची नावे त्याला ठाऊक असतात. वस्तूचे नाव आधीपासून येत असले म्हणजे तिच्या गुणाचे नाव शिकणे सोपे जाते. बियांच्या ढिगातून दहा-दहाचे गट करणाऱ्या मुलाला दशकाची कल्पना पाढ्याच्या घोषाशिवाय मिळते. कारखान्यात मापात केलेल्या साधनाची अचूकता निसर्गातील वस्तूत नसते, ही उणीव खरी. ती शिक्षिकेच्या निवडीने आणि मांडणीने भरून काढावी लागते, आणि म्हणून अशा वर्गात शिक्षिकेचे काम कमी न होता वाढते.

६. कोसबाड : विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. आता कार्याचा मुख्य विषय आदिवासी मूल हा झाला. डहाणू आणि तलासरीच्या या पट्ट्यात वारली, कोकणा, दुबळा, धोडिया, कातकरी अशा जमातींची वस्ती आहे. जमीनदार, सावकार आणि जंगल-ठेकेदार यांच्या जोखडाखाली वेठ भरणाऱ्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये जो उठाव केला, तो याच भूमीत. ताराबाईंचे बोर्डीतील आगमन आणि हा उठाव एकाच वर्षातील आहेत. एकीकडे मजुरी आणि जमीन यांचा लढा, दुसरीकडे मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग. मार्ग वेगळे, राजकीय भूमिका वेगळ्या, परंतु भूमी एक. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही दोन मराठी आत्मपर पुस्तके एकाच प्रदेशाची दोन दर्शने घडवितात. ती शेजारी-शेजारी ठेवून वाचणे अभ्यासकांना उद्बोधक ठरेल.

आदिवासी मुलांच्या शिक्षणात सरकारी परिभाषेतील गळती आणि स्थगिती हे दोन रोग मानले जात. त्यांची कारणे पालकांच्या अनास्थेत शोधण्याची रीत होती. ताराबाईंनी ती मुलाच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधली. आई-बाप गवत कापण्यास किंवा जंगलकामाला गेले म्हणजे सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि तिचा भाऊ गुरांमागे रानात जातो. शाळेची वेळ आणि या मुलांच्या कामाची वेळ एकच. तेव्हा हजेरीपटावर नाव असूनही मूल वर्गात नसणे, हे अनास्थेचे लक्षण नसून जीवनक्रमाचे होते.

यावरील उत्तर म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारात असाव्यात, ही तिची रचना. मोठी मुलगी येताना भावंडाला बरोबर आणते. तान्हे पाळणाघरात राहते, तीन-चार वर्षांचे बालवाडीत बसते आणि ती स्वतः प्राथमिक वर्गात जाते. मुलीच्या शिक्षणातील अडथळाच शाळेत येण्याचे निमित्त ठरतो. या रचनेचा आणखी एक लाभ असा की, बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला एकदम परक्या शिस्तीत जावे लागत नाही. खेळ, गाणी, हाताची कामे आणि बागेतील उद्योग प्राथमिक वर्गातही चालू राहतात आणि त्यांतूनच गणित, भाषा आणि परिसराचे ज्ञान पुढे नेले जाते. आंघोळ, केस विंचरणे आणि नखे कापणे ही कामे शाळेच्या दिवसाचा भाग होती; त्यांना अभ्यासापूर्वीची तयारी न मानता अभ्यासाचेच स्थान दिलेले होते.

गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जे मूल गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाही, त्याच्यामागे शिक्षकाने कुरणात जावे, ही कल्पना सांगावयास साधी आहे. तिच्या अंमलबजावणीत मात्र शाळेच्या सर्व संकेतांचा त्याग अभिप्रेत आहे. घंटा नाही, बाक नाही, इयत्तेप्रमाणे रांग नाही, आणि मध्येच एखादे जनावर शेतात शिरले की विद्यार्थी उठून जाणार. अशा वर्गात विषय पुस्तकातून येण्याऐवजी परिसरातून येतात. गुरांची मोजदाद हे गणित, गवताच्या आणि झाडांच्या जाती हे निसर्गविज्ञान, ओढा, डोंगर आणि वाटा हा भूगोल, आणि आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी हा भाषेचा पाठ. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत. गिजुभाईंच्या कल्पित शिक्षकाने चौथीच्या मुलांना वर्गाबाहेर नेले होते, तरी त्याला शेवटी वर्गात परतावे लागे. कोसबाडला वर्गच बाहेर राहावयास गेला.

७. भाषेचा प्रश्न

कोसबाडच्या वर्गात उभा राहिलेला सर्वांत बिकट प्रश्न भाषेचा होता, आणि मराठीच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तो महत्त्वाचाही आहे. वारली बोली ही मराठीच्या परिवारातील, तिच्यावर गुजरातीचा आणि उत्तर कोकणातील बोलींचा प्रभाव आहे. तिचे शब्द, क्रियारूपे आणि लकबी प्रमाण मराठीहून बऱ्याच भिन्न आहेत. पहिलीत आलेल्या वारली मुलासाठी क्रमिक पुस्तकाची मराठी ही जवळजवळ परभाषा ठरते. ते गप्प राहते, आणि त्याचे गप्प राहणे हे मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते. प्रमाणभाषेचा आग्रह हा येथे केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. मुलाने शाळेत टिकावे की न टिकावे हे त्यावर ठरते.

ताराबाई आणि अनुताई यांच्या कार्यात या प्रश्नाला दिलेले उत्तर प्रत्यक्ष व्यवहारातील आहे. मुलाला प्रथम त्याच्या बोलीत बोलू द्यावे, त्याची गाणी आणि त्याचे नाच वर्गात आणावेत, आणि स्थानिक मुलींना तयार करून शिक्षिका म्हणून उभे करावे, ही ती दिशा. लग्नाच्या वेळी वारली घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जातात. त्या चित्रांतील त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन पाहत वाढलेल्या मुलाला आकारांची ओळख करून देण्यासाठी बाहेरून साधन आणण्याची गरज नाही. अशा वर्गात मुलाच्या घरचे ज्ञान हे शाळेच्या ज्ञानाचा पाया ठरते.

तथापि या उत्तराची मर्यादाही नोंदविली पाहिजे. बोलीचा उपयोग प्रमाण मराठीकडे नेणारा पूल म्हणून झाला. पुलाच्या अलीकडच्या तीराला स्वतंत्र मोल आहे, त्या बोलीतही लिहावे-वाचावे, हा विचार त्या काळी पुरेसा पुढे आला नव्हता. मुलाला स्वच्छता, शिस्त आणि सभ्यता शिकविताना त्या संकल्पना कोणत्या समाजस्तरातून येतात, हाही प्रश्न उरतो. सुधारक मध्यमवर्गाची दृष्टी ताराबाईंच्या कार्यात काही अंशी कायम राहिली, असे मत मांडता येईल. परंतु ज्या काळात आदिवासी मुलाकडे शिक्षणास अपात्र म्हणून पाहिले जाई, त्या काळात अपात्रता शाळेकडे आहे, असे मानून त्यांनी शाळेची फेररचना केली. ही भूमिका त्यांच्या मर्यादांपेक्षा मोठी आहे.

८. उत्तरायुष्य आणि मूल्यमापन

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी जवळजवळ दोन दशके कोसबाडचे कार्य पुढे चालविले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले आणि तो मराठी वळणाचा शब्द पुढे देशभर गेला. एखाद्या शिक्षणविषयक प्रयोगाचे नाव इतक्या व्यापक प्रमाणावर रूढ झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र नावाबरोबर आशय किती गेला, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य-तपासणी या सेवांची गरज निर्विवाद होती. त्यांच्या भाराखाली शाळापूर्व शिक्षण हा योजनेचा घोषित घटक बहुतेक ठिकाणी मागे पडला. बोर्डीच्या अंगणात गाणे, गोष्ट आणि शिंपल्यांची मांडणी यांना जे मध्यवर्ती स्थान होते, ते शासकीय अंगणवाडीत क्वचितच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकसंध पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि प्राथमिक शाळेचे पहिले वर्ग यांना जोडणारी विकासवाडीची रचना त्याच्या सहा दशके आधी कोसबाडला प्रत्यक्षात होती, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

ताराबाईंच्या चरित्राचा आलेख एका दिशेने जातो. राजकोटच्या महाविद्यालयातून भावनगरच्या बालमंदिरात, तेथून दादरच्या शिशुविहारात, तेथून बोर्डीच्या अंगणात आणि अखेर कोसबाडच्या कुरणात. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी आधीच्या टप्प्यावरील एखादी निश्चिती सोडून दिलेली दिसते. प्रथम पदाची निश्चिती गेली, मग क्रमिक पुस्तकाची, मग मापातल्या साधनांची, मग इमारतीची आणि शेवटी घंटेची. जे कधीही सोडले नाही ते मुलाचे निरीक्षण. भाषाशिक्षकाच्या दृष्टीने या चरित्रातून निघणारा निष्कर्ष असा की, वर्गातील कृती ही पाठाला जोडलेली करमणूक नव्हे. मुलाने वर्गात काय करावयाचे, हे ठरविताना शिक्षक हेही ठरवीत असतो की कोणत्या मुलाला त्या वर्गात जागा असेल आणि कोणाला नसेल. मराठी शाळेने हा निर्णय बहुधा नकळत घेतला. ताराबाई मोडक यांनी तो जाणीवपूर्वक घेतला आणि त्याची किंमतही मोजली. मराठी बालशिक्षणाच्या आणि बालविषयक गद्याच्या इतिहासात त्यांचे स्थान या जाणीवपूर्वकतेमुळे निश्चित झाले आहे.